070 ची हवा अखेर सापडली

गेल्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिले होते की खानापूर तालुक्यातून आणलेली 070, म्हणजे स्टिल (Stihl) कंपनीची पेट्रोलवर चालणारी जुनी चेन-करवत, आता पूर्ण झाली असून तिला फक्त रंग देणे बाकी आहे. ते विधान मी मागे घेतो. रंगाचा डबा अजून उघडलेलाच नाही. गेल्या चार महिन्यांत मात्र हे यंत्र मी निदान दहा वेळा उघडले आणि प्रत्येक वेळी निराळ्याच कारणावर संशय घेऊन पुन्हा बंद केले. गेल्या रविवारी दोष सापडला, म्हणून ही नोंद तातडीने लिहीत आहे.

लक्षण पुन्हा एकदा सांगतो, कारण सगळा घोळ मी ते नीट न वाचल्यामुळेच झाला. थंड असताना ही करवत दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओढीला सुरू होत असे, आयडल स्थिर राही आणि लाकडात जोरही भरपूर असे. आठ-दहा मिनिटे काम करून ती तापली की ट्रिगर सोडल्यावरही रेस खाली येत नसे. उलट ती आपोआप चढत जाई, क्लच पकडून चेन फिरत राही आणि थोड्या वेळाने इंजिन एकाएकी बंद पडे. वीस मिनिटे सावलीत ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. ज्यांच्याकडून ती घेतली त्या ठेकेदार मामांना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं असताना बी तापली की रुसायचीच की ती." विकताना ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नसावी.

तापल्यावर बंद पडते म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेतली कॉइल किंवा कंडेन्सर, हा नियम आपण सगळेच स्कूटरच्या काळापासून ऐकत आलो आहोत आणि मीही त्याच वाटेने गेलो. शाफ्टच्या टोकावरचे चुंबकाचे चाक, म्हणजे मॅग्नेट, पुलरने काढला (हातोड्याने ठोकून काढणाऱ्यांशी माझे अजिबात जमत नाही, कारण अशाने शाफ्टचे टोक आणि बेअरिंग दोन्ही जातात), पॉइंट बारीक एमरीने घासून स्पिरिटने पुसले, त्यांची फट फीलर गेजने 0.35 मिमी ठेवली आणि खडेबाजारातून जुन्या स्कूटरचा कंडेन्सर आणून तो मूळ कंडेन्सरच्या जागी जोडला. ठिणगी निळी आणि जाड मिळाली, पण तापल्यावरचे वागणे जसेच्या तसे राहिले. मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'ओरिजिनल' म्हणून कॉइल मागवली. खोक्यावर छान छापील लेबल होते आणि आत चिनी नकलेतली कॉइल होती. तिची भोकेसुद्धा जुळली नाहीत. या नकली सुट्या भागांबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: हँडल, टाकीचे झाकण, ओढायची दोरी, मफलरची जाळी इतके खुशाल घ्यावे; पण सिलिंडर, पिस्टन आणि विजेचा कोणताही भाग घेऊ नये.

वास्तविक विजेतला दोष इंजिन बंद पाडतो, त्याची रेस वाढवत नाही. रेस आपोआप चढणे म्हणजे मिश्रण पातळ होणे, आणि मिश्रण पातळ होणे म्हणजे एकतर पेट्रोल कमी पडते किंवा कुठून तरी जादा हवा आत येते. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी 'गरम झाल्यावर रेस चढते' असे लिहिलेले आहे आणि त्याच्याखाली मी दोन महिने कंडेन्सरची टिपणे काढत बसलो आहे.

त्यानंतर पाळी आली कार्बोरेटरची. टिलोटसनच्या एचएल मालिकेचा हा कार्बोरेटर उघडला तेव्हा मीटरिंगचा डायफ्राम (पेट्रोलचे प्रमाण राखणारा लवचीक पडदा) वाळलेल्या पापडासारखा कडक झालेला आढळला, आणि तोच आरोपी असे मला वाटले. वाटण्याला आधारही होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. घरी खात्री करायची असेल तर 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी घ्यावे, वर 100 च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतावे, हलवून स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. माझ्याकडे तो 28 च्या आसपास थांबला, म्हणजे 90 मिली पेट्रोलमध्ये 18 मिली इथेनॉल, बरोबर 20 टक्के. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही. हंगामात ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागे आपण घटप्रभेच्या रस्त्यावर ताटकळत उभे राहतो, त्यातलाच थोडा ऊस फिरून आपल्या डायफ्रामला भेटत असावा. त्यामुळे काम संपले की टाकी रिकामी करायची, मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करायचा, हा नियम मी आता सगळ्याच करवतींना लावला आहे. नवा डायफ्राम आणि गास्केट घातल्यावर थंड इंजिन आणखी गोड चालू लागले. तापल्यावर मात्र रेस चढलीच. टाकीच्या झाकणाची हवेची वाट तुंबली असेल म्हणून झाकण सैल करूनही पाहिले. काही फरक नाही.

आता मुख्य गोष्ट. क्रँककेसला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीला, हवेची गळती आहे का, हे मी फेब्रुवारीतच तपासले होते, आणि ज्यांना ती जुळणी आठवत असेल त्यांनी तेव्हा माझे कौतुकही केले होते: रक्तदाब मोजायच्या उपकरणाचा फुगा आणि घड्याळ, इनटेक व एक्झॉस्ट बंद करायला जुन्या ट्यूबचे रबर आणि पत्र्याच्या पट्ट्या. काटा पाऱ्याच्या 300 मिमीवर नेला, म्हणजे साधारण 0.4 बार, आणि तो मिनिटभर जागचा हलला नाही. साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा आला नाही. गळती नाही असा निर्वाळा देऊन मी तो विषयच बंद केला.

ही चाचणी अर्धीच होती. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली येताना क्रँककेसमध्ये दाब तयार होतो आणि वर जाताना व्हॅक्यूम. मिश्रण आत खेचले जाते ते या व्हॅक्यूमच्या वेळी. शाफ्ट क्रँककेसबाहेर येतो त्या भोकातल्या रबरी कडीचा, म्हणजे ऑइल सीलचा, ओठ आतल्या बाजूला तोंड करून बसवलेला असतो, त्यामुळे आतून दाब दिला की तो शाफ्टवर अधिकच घट्ट आवळतो. व्हॅक्यूम लागला की तोच ओठ उचलला जाऊ शकतो. म्हणजे फुग्याची चाचणी नेमक्या त्या स्थितीत सील पाहते, ज्या स्थितीत ते सर्वांत उत्तम वागते. आपल्यापैकी एकाने तेव्हाच "व्हॅक्यूम लावून पाहिलात का?" असे विचारले होते आणि माझ्याकडे पंप नाही असे उत्तर देऊन मी तो प्रश्न टाळला होता. त्यांची जाहीर क्षमा मागतो.

पंप आमच्या गल्लीतच होता. वडगावात आमच्या घरापासून चार घरांवर एक फ्रिज दुरुस्त करणारा राहतो. त्याच्याकडचे कंपाउंड गेज व्हॅक्यूमही दाखवते, आणि गॅस भरण्यापूर्वी पाइपातील हवा ओढून घ्यायचा पंप तर असतोच. रविवारी सकाळी आम्ही दोघांनी 070 ची तोंडे बंद करून काटा पाऱ्याच्या 15 इंचांवर नेला, म्हणजे जवळजवळ अर्धा बार, आणि व्हॉल्व्ह बंद केला. दहा सेकंदांत काटा शून्यावर आला! दोनदा, तीनदा करून पाहिले. प्रत्येक वेळी तेच. इतक्या वाईट निकालाने मला इतका आनंद होईल असे वाटले नव्हते.

व्हॅक्यूमची गळती साबणाने दिसत नाही, कारण हवा बाहेर येत नसून आत जात असते. म्हणून क्लचच्या बाजूच्या सीलभोवती जाड गिअर ऑइल सोडले. काटा पडतच राहिला. मॅग्नेटच्या बाजूला सोडले, तेव्हा तो एकदम थबकला आणि काही सेकंदांनी तेल आत ओढले गेल्यावर पुन्हा घसरू लागला. थंड असताना ही करवत नीट का चालते, याचा माझ्या मते तोच खुलासा आहे: थंड, घट्ट तेलाचा थर फट भरून काढतो आणि तापल्यावर पातळ झालेले तेल तिला उघडी टाकते.

पण मॅग्नेटकडचे सील तर मीच गेल्या वर्षी बदलले होते! शाफ्ट आणि घर मोजून बेअरिंगच्या दुकानातून मापाची दोन सील आणली होती, दोन्ही मिळून 80 रुपयांत. सील काढून भिंगाखाली पाहिले, तर ओठ नव्यासारखा. मग नखाने शाफ्ट चाचपला आणि नख अडकले. जुन्या सीलच्या ओठाने कित्येक वर्षे एकाच जागी फिरून, धूळ आणि लाकडाच्या भुशाच्या मदतीने, पोलादात एक बारीक खाच पाडली होती आणि माझ्या नव्या सीलचा ओठ बरोबर त्याच खाचेत बसला होता. सील नवे असले तरी त्याच्याखालचा शाफ्ट जुनाच आहे, हे मला सुचलेच नव्हते.

उपाय तीन होते. शाफ्टवर हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करणे सर्वांत पक्के, पण त्यासाठी इंजिन पूर्ण फोडून क्रँक बाहेर काढावा लागतो. दुसरा उपाय शाफ्टवर चढवायच्या पातळ पोलादी नळीचा, म्हणजे स्लीव्हचा. अशा तयार स्लीव्हची भिंत जेमतेम 0.28 मिमी असते आणि ती खाचेवर चढवली की ओठाला नवी, गुळगुळीत जागा मिळते, परंतु या मापाची स्लीव्ह मला अजून मिळालेली नाही. तिसरा उपाय गरिबाचा: सील थोडे बाहेर बसवायचे, म्हणजे ओठ खाचेशेजारच्या कोऱ्या शाफ्टवर येतो. माझ्या यंत्रात घराला तेवढी जागा होती.

अडचण एवढीच की सील अंदाजाने ठोकले तर ते तिरके बसते. उद्यमबागेतल्या एका टर्नरकडे गेलो. आमच्या बेळगाव शहरात फाउंड्री आणि लेथ यांची जी परंपरा आहे तिचा आपल्यासारख्या छांदिष्टांना किती आधार आहे, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगूनही पटत नाही. हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये कातणारा माणूस इथे दुपारच्या चहाच्या वेळात आपले काम करून देतो. त्याने नायलॉनचा एक बुश कातून दिला, ज्याच्या तोंडाची पायरी घराच्या कडेला टेकते आणि सील मूळ जागेच्या नेमके एक मिलिमीटर अलीकडे थांबवते. पैसे देऊ लागलो तर त्याने करवत चालू झाल्यावर दाखवायला आणा एवढेच सांगितले. हा बुश आता माझ्या हत्यारांत सर्वांत लाडका आहे.

सोमवारी संध्याकाळी नवे सील ओठाला ग्रीस लावून बसवले. खाचेच्या तीक्ष्ण कडेवरून जाताना ओठ फाटू नये म्हणून शाफ्टवर कोल्ड्रिंकच्या बाटलीतून कापलेल्या प्लॅस्टिकची पातळ नळी गुंडाळली होती. व्हॅक्यूम 15 इंच. दोन मिनिटांनी 14. मला एवढे पुरे आहे. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन पाहिला. पातळ मिश्रणावर इतके महिने चालूनही त्यावर बारीक उभ्या रेघांपलीकडे काही नाही, हे नशीब म्हणायचे. दर लिटरला 40 मिली तेल घालण्याचा माझा जुनाट हट्ट इथे कामी आला असे मी समजतो. ज्यांना 50:1 वर, म्हणजे लिटरला 20 मिलीवर, विश्वास आहे त्यांनी तो जरूर ठेवावा.

शनिवारी जांबोटीकडे मेव्हण्यांच्या शेतात गेल्या पावसाळ्यात उन्मळलेल्या जांभळाच्या खोडावर खरी परीक्षा घेतली. चेन .404 पिचची, आदल्या रात्री 5.5 मिमीच्या कानशीने धार लावलेली. तीन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत कापले. प्रत्येक काप झाल्यावर ट्रिगर सोडायचा आणि कान देऊन ऐकायचे. प्रत्येक वेळी रेस खाली आली, चेन थांबली, आणि 58 मिमी बोअर व 40 मिमी स्ट्रोकचे ते 106 सीसीचे इंजिन बैलाने रवंथ करावे तसे संथ धडधडत राहिले. पूर्ण ट्रिगरवर मोकळे असताना ते किंचित जाड मिश्रणाचा घोगरा आवाज करते आणि लाकडात टेकवताच तो आवाज साफ होतो. पूर्ण वेगावरचे मिश्रण ठरवणारा एच स्क्रू मी तिथेच ठेवला आहे आणि आता त्याला कोणी हात लावायचा नाही.

ठरल्याप्रमाणे यापुढे 090 या दुसऱ्या करवतीचे सिलिंडर हाती घ्यायचे होते. ते बाजूला ठेवले आहे. हे लिहीत असतानाच लक्षात आले की फडताळातल्या बाकीच्या चार करवतींची मी केवळ फुग्याने तपासणी केली आहे, म्हणजे त्यांच्या नावापुढे वहीत लिहिलेल्या 'गळती नाही' या शेऱ्याला काही अर्थ नाही. म्हणून लेखणी ठेवून, फ्रिजवाल्याचा पंप परत करण्याआधी दोघींना लावून पाहिला. 090 च्या दोन्ही सीलांतून हवा जाते, तेव्हा सिलिंडरच्या आधी तिच्या शाफ्टलाच नख लावून पाहावे लागेल आणि टर्नरकडे दुसरा बुश सांगावा लागेल. तिचा स्ट्रोकही 40 मिमीच असला तरी तोच बुश तिला चालेल असे गृहीत धरणार नाही, आधी मोजेन.

पंप लावलेली दुसरी करवत म्हणजे 08. तीही तापल्यावर बंद पडते आणि तिलाही हाच रोग असणार अशी माझी पैज होती. पण तिने 15 इंच पूर्ण तीन मिनिटे धरले. शिवाय तिची रेसही कधी चढत नाही, ती नुसतीच बंद पडते. उद्या तिचा मॅग्नेट उतरवून कंडेन्सर बदलतो.