अपक्षाचा खर्च, बंद टेम्पो आणि एक पोच : माझा अनुभव

आमची आत्या २०१९ ला आणि परत २०२४ ला विधानसभेला अपक्ष उभी राहिली. दोन्ही वेळा अनामत गेली, हे आधीच सांगून टाकतो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडली की दहा हजार सरकारजमा. त्याचं दुःख नाही. माझा राग खर्चाच्या टेबलावर आहे, म्हणजे उमेदवाराचा प्रचारखर्च तपासणाऱ्या निवडणूक कार्यालयाच्या टेबलावर. कारण दुसऱ्या वेळी तिचा खर्च प्रतिनिधी, म्हणजे तिच्या वतीने हिशोब ठेवणारा माणूस, मी होतो.

अर्जाचं लोक उगाच भय घालतात. अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात आणि त्यांचा मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक अचूक हवा. जुन्या यादीवर विसंबू नका, भाग क्रमांक बदललेले असतात. सूचकांत कुणी अंगठेबहाद्दर आजोबा असतील तर घरी अंगठा घेऊन चालत नाही, तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. शपथपत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नका; काही नसेल तर ‘निरंक’ लिहा. २०२४ ला अर्जाची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती, त्यात चौथा शनिवार आणि रविवार वजा. शेवटचा दिवस नेमका धनत्रयोदशीचा. छाननी, माघार, चिन्ह, सगळं सुरळीत पार पडलं.

मग प्रचार. भोंगा लावलेला एक टेम्पो आम्ही भाड्याने घेतला, रीतसर परवानगी काढली, मूळ परवाना काचेवर चिकटवला. ऐन प्रचारात त्याचा गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाला म्हणाला, पार्ट मुंबईहून येणार. आता नियम असा की परवानगी घेतलेली गाडी फिरत नसेल तर तसं लेखी कळवायचं, नाहीतर ती रोज फिरली असं धरून भाडं उमेदवाराच्या नावावर चढतं. मी त्याच दिवशी एक खिडकी कक्षात, म्हणजे प्रचाराच्या परवानग्या मिळतात त्या कक्षात, पत्र दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, सही आणि तारीख घेतली.

खर्च तपासणीला गेलो तर त्यांच्या छाया नोंदवहीत (उमेदवाराच्या खर्चाची कार्यालय स्वतः ठेवतं ती वही) आमचा टेम्पो रोज फिरतोय! भाडं, भोंगा, डिझेल, चालकाचा भत्ता, सगळं कार्यालयाने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे लावलेलं. आमच्या वहीत त्या दिवसांपुढे रेघ. टेबलावरचे साहेब वर न बघता म्हणाले, “परवानगी आहे म्हणजे गाडी फिरलीच की.” मी पोच पुढे केली. “हे पत्र आमच्याकडे आलेलं नाही.” एक खिडकी कक्ष त्याच हॉलमध्ये, मध्ये फक्त कपाटांची रांग. मी म्हटलं, मागवून घ्या ना. तर म्हणे तसं होत नाही, ते ‘आवक’मधून, म्हणजे आलेली पत्रं नोंदवणाऱ्या टेबलावरून, यायला लागतं. आवकवाले म्हणाले आम्ही पाठवलंय. कुणाकडे, ते मात्र कुणी सांगेना.

वर तफावतीची नोटीस आली, ४८ तासांत खुलासा द्या म्हणून. खुलासा दिला: पोचेची प्रत, गॅरेजची पावती, टेम्पोमालकाचं पत्र. पुढच्या तपासणीला पाहतो तर आकडा तसाच, उलट वाढलेला.

घरी सगळे म्हणाले, सोड रे. मर्यादा ४० लाखांची (२०१९ ला २८ होती), आपण तिच्या आसपासही नाही, करून टाक मान्य. आत्या ऐकेना. “जो टेम्पो गॅरेजात उभा होता त्याचं डिझेल मी जाळलं, असं माझ्या सहीने लिहून देऊ?” तिचं बरोबर होतं. हिशोब मुदतीत आणि ठरलेल्या पद्धतीने दिला नाही तर आयोग ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो, आणि तिला तिसऱ्यांदा उभं राहायचंय. ज्यांच्या ताफ्यांनी रस्ते अडतात त्यांच्या वह्या म्हणे एका बैठकीत जुळतात. असो.

निकालानंतर २६ व्या दिवशी खर्च जुळवणीची बैठक असते. तिथे मी पहिली मागणी केली ती प्रचाराचं चित्रण करणाऱ्या सरकारी व्हिडिओ पथकाच्या नोंदी काढण्याची. त्या दिवसांत आमच्या टेम्पोचं एकही चित्रण नव्हतं. बैठकीतल्या अधिकारी बाईंनी पोचेवरची तारीख बघितली, नोंदी बघितल्या आणि दोन मिनिटांत त्या ओळी लाल शाईने काटल्या. त्या लाल रेघा बघून मला जो आनंद झाला, तो निकालाच्या दिवशी आत्या जिंकली असती तरच झाला असता!

राहिलेलं सांगतो. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडावं लागतं, पण चेकबुक हातात यायला वेळ लागतो, म्हणून आधीच सुरुवात करा. एका माणसाला संपूर्ण निवडणुकीत रोख दहा हजारांच्या वर देता येत नाहीत. मंडपवाला कितीही ओळखीचा असला तरी चेकच. उमेदवाराच्या खर्चाच्या वहीची पानं तीन रंगांची असतात: पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. एकच पावती कुठे कुठे चढते ते पहिल्याच दिवशी समजून घ्या. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली असल्याशिवाय गठ्ठा ताब्यात घेऊ नका.

आणि निकालापासून ३० दिवसांत अंतिम हिशोब दिलात की जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून त्याचीही पोच मिळते. ती हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका. आमच्या वेळी शिक्का असलेल्या बाई जेवायला गेल्या होत्या. मी बाकावर बसून राहिलो.