ब्रिटनमधलं बाळ, एक्झिमा आणि आजीचं तेल

इकडे ब्रिटनमध्ये साधारण दर पाच मुलांमागे एकाला एक्झिमा, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचाविकार होतो. बहुतेकांना तो पहिल्या वर्षभरातच दिसतो, आधी गालांवर, मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत. नातवंडासाठी तिकडून येणाऱ्या आजी-आजोबांनी 'रक्त बिघडलंय', 'अंगातली उष्णता बाहेर पडतेय' हे आधी मनातून काढून टाकावं.

दोष बहुतेक वेळा कातडीच्या वरच्या थरातच असतो. तो थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन काही मुलांत जन्मतःच कमी असतं. त्यामागचे जनुकीय बदल डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये उजेडात आणले. अशा कातडीतून ओलावा निघून जातो आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. त्यात हिवाळाभर चालू असलेल्या हीटिंगची कोरडी हवा आणि लंडनच्या बाजूचं जड (क्षार जास्त असलेलं) पाणी. मात्र एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र (सॉफ्टनर) बसवून पाहिलं, तेव्हा चाचणीत फायदा दिसला नाही. ते पैसे वाचवा.

मालिशीसाठी मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल नको. ऑलिव्ह तेलानं हा थर आणखी कमकुवत होतो. डाळीचं पीठ चोळणंही बंद. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं आंघोळ, साबणाऐवजी इमोलिअंट (कातडीत ओलावा धरून ठेवणारं मलम), पंचानं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच पुन्हा हे मलम. ते रगडू नका, लव ज्या दिशेनं आहे तसा हात फिरवा. डब्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्यानं काढा.

खरी चूक होते ती प्रमाणात. आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम इमोलिअंट लागतं. एक छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ते फारच कमी पडतंय. जीपीकडून (इथल्या फॅमिली डॉक्टरकडून) मोठा डबा लिहून घ्या, मुलांना तो मोफत मिळतो. मलम मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात, म्हणून देवघरातल्या निरांजनापासून लांब.

चट्ट्याची सूज आणि लाली कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या मलमाला घाबरून ते टिकलीएवढं लावलं तर चट्टा हटत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. ते आणि इमोलिअंट यांत अर्धा तास जाऊ द्या.

आपल्या सावळ्या कातडीवर लाली कमी दिसते. चट्टा जांभळट किंवा करडा असतो आणि डॉक्टरांनाही सौम्य वाटू शकतो. 'इथे हात लावून बघा, खरखरीत आहे, रात्रभर खाजवतो' असं स्पष्ट सांगा. ताप आणि एकाच जागी दुखऱ्या फोडांचा पुंजका दिसला तर हर्पिस या विषाणूची लागण असू शकते. त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.