मोडल्याशिवाय निघतात: प्लास्टिकच्या आठ होज-जोडांची कामनोंद

गाडी चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल हॅचबॅक, १२ वर्षं जुनी, दर्यापूर-मूर्तिजापूर भागात चाललेली. थर्मोस्टॅट, हीटरचे होज (रबरी नळ्या) आणि डिझेल फिल्टर बदलायचे आहेत. त्यासाठी आठ जोड उघडावे लागतात: डिझेलचे तीन, हीटरचे दोन, रेडिएटरचे वर-खाली मिळून दोन आणि ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूमचा एक. महिना मेचा, आणि या कामाला तोच बरा.

दिवस १: फक्त सफाई

एकही जोड ओढला नाही, मुद्दामच. क्विक कनेक्टर, म्हणजे बटण दाबून सोडायचा प्लास्टिकचा जोड, अडकतो तेव्हा दहापैकी आठ वेळा प्लास्टिकचा दोष नसतो. पांदणीतली काळी माती क्लिपच्या खाचेत शिरते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात वाळून घट्ट बसते. बटण वरून दबल्यासारखं वाटतं, पण आतला दात पूर्ण उघडतच नाही. अशा वेळी ओढलं की दात किंवा कान तुटतो.

क्रम असा: आधी कोरडा दातांचा ब्रश, मग सायकलच्या पंपाची हवा, आणि पाणी सगळ्यात शेवटी. आधीच पाणी मारलं तर माती चिखल होऊन आणखी आत जाते. पाण्यासाठी बॅटरीचा फवारणी पंप उत्तम, त्याचा जोर बेताचा असतो. मात्र तणनाशक किंवा कीटकनाशक भरलेला पंप इथे नको, पाण्याचाच वेगळा ठेवावा. रिले बॉक्स आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) प्लगवर आधी पिशवी बांधायची.

रॉकेलने धुवायची सवय इथे टाळा. कुलंटचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. रॉकेल, डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. त्याला साबणाचं पाणी, ग्लिसरीन किंवा सिलिकॉन स्प्रे चालतो. डिझेलच्या जोडांचं उलट आहे: तिथल्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या गोल रिंगा) इंधन सोसणाऱ्या रबराच्या असतात, त्यांना चार थेंब स्वच्छ डिझेल हेच वंगण.

दिवस २, सकाळ: डिझेलचे तीन जोड

इंजिन रात्रभर थंड. काम फक्त फिल्टरकडच्या कमी दाबाच्या नळ्यांवर. पंप, रेल (दाबाखालचं डिझेल धरून ठेवणारी जाड नळी) आणि इंजेक्टर यांच्यामधल्या धातूच्या नळ्यांना हात लावायचा नाही. चालू इंजिनात तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते. पेट्रोल गाडी असेल तर आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच जोड उघडायचा.

आता मुख्य गोष्ट. आधी आत ढकला, मग बटण दाबा, मग ओढा. क्लिपचे दात नळीवरच्या कड्याला मागून टेकलेले असतात. आपण ओढत असताना बटण दाबलं तर दातांवर आधीच ताण आलेला असतो, म्हणून ते सरकत नाहीत. जोड एक-दोन मिलिमीटर आत रेटला की दात मोकळे होतात, बटण लोण्यासारखं दबतं. मग बटण दाबूनच ठेवायचं आणि नळी सरळ रेषेत मागे घ्यायची. पक्कड लावायची नाही. लावावीच लागली तर जबड्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून, आणि तीही फक्त बटणावर.

दोन जोड असेच निघाले. तिसऱ्याचं बटण दबत होतं पण ओ-रिंग नळीला चिकटली होती. अशा जोडाला ओढण्याआधी फिरवायचं: डावीकडे-उजवीकडे १०-१५ अंश, क्लिप न दाबता, ओ-रिंग सुटेपर्यंत. सुटल्याचं बोटांना कळतं, फिरणं एकदम हलकं होतं. कोनात वळणाऱ्या जोडाला मात्र फार फिरवू नका, पुढच्या नायलॉनच्या नळीला पीळ बसतो.

बटण नसलेल्या, आत गोल क्लिप असलेल्या जोडाला हत्यार लागतं. इंधनाच्या नळ्यांची नेहमीची मापं ७.८९ आणि ९.४९ मिमी. प्लास्टिकच्या रिंगांचा संच नसेल तर ऑइलच्या रिकाम्या डब्याची सुमारे १५ मिमी रुंद पट्टी कापा, नळीभोवती गुंडाळा आणि सगळ्या बाजूंनी सारखी आत सरकवा. स्क्रू ड्रायव्हर घातला तर एकच दात उचलला जातो आणि बाकीचे धरून बसतात.

उघड्या तोंडांना लगेच टोप्या. कापसाचा एक तंतू किंवा धुळीचा कण फिल्टरच्या पुढच्या नळीत गेला तर थेट इंजेक्टरपर्यंत पोहोचतो.

दिवस २, दुपार: रेडिएटर

बोनेट बंद करून गाडी एक ते तीन उन्हात. होज आणि प्लास्टिक दोन्ही नरमतात, फुकटची हीट गन. हाताला सोसेल इतकं गरम हवं. इंजिन चालवून गरम करायचं नाही, कारण रेडिएटरमध्ये दाब तयार होतो आणि झाकण उघडताच भाजतं.

वरच्या होजला तारेची क्लिप होती. ती पूर्ण उपसायची नाही, पहिला खटका लागेपर्यंत उचलायची, बस. जोड आत रेटून, हलका फिरवून सरळ ओढला. आला.

खालचा होज सगळ्यांत हट्टी निघाला, आणि कारण पाण्यात आहे. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांचा खाऱ्या भूजलाचा भाग. इथे कुलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतलं जातं. क्षार होजच्या तोंडाशी साचतात आणि रबर निप्पलला (होज चढवायच्या नळकांडीला) सिमेंट लावल्यासारखं धरतं. वरून क्लोराइड ॲल्युमिनियम खातं, ते वेगळंच. म्हणून कुलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच, निम्मं-निम्मं.

इथे जीव रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा वाचवायचा, होजचा नाही. त्या टाक्या बहुधा ३० टक्के काचतंतू मिसळलेल्या नायलॉन ६६ च्या असतात. भागावर ‘पीए६६-जीएफ३०’ असं कोरलेलं दिसेल. नवं असताना दणकट, पण वर्षानुवर्षं कुलंटमधल्या गरम ग्लायकॉलमध्ये राहून ते ठिसूळ होतं आणि निप्पल मुळाशी तुटतं. त्यामुळे होज वर-खाली हलवून काढणं बंद. स्प्रिंग क्लॅम्प मागे सरकवा, फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी हळूहळू ओता, दोन मिनिटं थांबा. पाणी १०० अंशांवर जातच नाही, नायलॉन ६६ वितळतं २६० च्या आसपास, म्हणजे धोका नाही. हीट गनच्या तोंडाशी ३०० सहज होतात, ती नको. मग टोक गोल घासलेली सायकलच्या चाकाची तार (स्पोक) होजखाली घालून साबणाचं पाणी सोडत पूर्ण वेढा फिरवा.

तरीही सुटला नाही. नवा होज आणलेलाच होता, म्हणून ब्लेडने लांबीत चिरला. शेवटचा अर्धा मिलिमीटर ब्लेडने कापायचा नाही, हाताने फाडायचा. निप्पलवर उभी रेघ पडली तर नवा होज तिथूनच गळतो.

निघालेलं कुलंट डब्यात झाकून ठेवा. ते गोड लागतं आणि विषारी आहे. अंगणात कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतात.

दिवस ३: हीटर आणि व्हॅक्यूम

फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचा) हीटरचा जोड दोन मिनिटांत निघाला. दुसरा म्हणजे इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये ओ-रिंगवर बसवलेला प्लास्टिकचा एल्बो (कोनात वळलेली नळी). गरम पाणी, फिरवणं, सगळं करूनही तो गळ्यापाशी तुटला. रंग तपकिरी, तुटलेली कड खडूसारखी भुसभुशीत. असा एल्बो कुणाच्याही हातून वाचत नाही. नवा आणि त्याची ओ-रिंग हाताशी असल्याशिवाय त्याला हात लावू नये, नाहीतर भागासाठी अकोला-अमरावतीची वारी आणि गाडी तोवर उभी.

आत राहिलेल्या कड्याला उलट्या आट्यांचा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर लावू नका, तो कडं फुगवून आणखी घट्ट बसवतो. आधी खोल बाजूला दोरी बांधलेलं फडकं कोंबा. हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून कड्याला आतून लांबीत दोन चिरा पाडा, एकमेकींपासून सुमारे १० मिमीवर. धातू दिसायच्या आधी थांबा. मधला तुकडा छोट्या पेचकसाने आतल्या बाजूला ढकलला की बाकीचं कडं आपोआप ढिलं पडतं. कण व्हॅक्यूम क्लीनरला पातळ नळी लावून ओढले, मगच फडकं काढलं. भोक पाण्यात भिजवलेल्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं फिरवलं.

ब्रेक बूस्टरचा जोड रबरी ग्रोमेटमध्ये (पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या रिंगमध्ये) असतो. साबणाचं पाणी, फिरवत सरळ ओढणं. बूस्टरच्या पत्र्यावर टेका देऊन उचकटलं तर ग्रोमेट आत पडतो.

स्थिती

आठपैकी सात जोड शाबूत (त्यातल्या एकाचा होज चिरावा लागला), आठवा म्हणजे एल्बो तुटला. डिझेलच्या तिन्ही आणि एल्बोच्या ओ-रिंगा नव्या. जोडताना प्रत्येक ठिकाणी खटका ऐकून मग उलटं ओढून पाहिलं. हँड प्रायमर (फिल्टरमध्ये डिझेल भरायचा हातपंप) कडक होईपर्यंत दाबला. उद्या कुलंट भरून हवा काढणं, २० किलोमीटरची फेरी, आणि थंड झाल्यावर आठही जागी कोरडा पांढरा कागद फिरवून गळती बघणं बाकी.