पन्नास क्युसेक

कोल्हापूरच्या माणसाला क्युसेक हा शब्द शिकवावा लागत नाही. जुलै महिना लागला की पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी (39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका) आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, याच दोन गोष्टी आमच्या शाहूपुरीत सकाळच्या चहाबरोबर बोलल्या जातात. त्यामुळे अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानात, नॅरोज नावाच्या घळीतून नदीच्या पात्रातूनच चालत जायचे ठरले आणि प्रवाह 150 क्युसेकच्या वर गेला की ती वाट बंद करतात असे मुलाने सांगितले, तेव्हा मला हसूच आले. राधानगरीच्या एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटते; त्या दिवशी या नदीचा प्रवाह जेमतेम 50 क्युसेक होता.

खरे तर मुलाच्या मनात एंजल्स लँडिंगचा सुळका होता, परंतु 1 एप्रिल 2022 पासून तेथे परवान्याशिवाय जाता येत नाही, तो सोडतीने मिळतो आणि आदल्या दिवशीच्या सोडतीत आमचा नंबर लागला नाही. सौभाग्यवतींना त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. महिनाभर रोज पहाटे रंकाळ्याला फेरी आणि रविवारी जोतिबाच्या पायऱ्या एवढा सराव आम्ही केला होता, पण तो साखळ्या धरून कड्यावर चढण्यासाठी नव्हता.

वर्षाला 40 लाखांहून अधिक माणसे येणाऱ्या या उद्यानात पहाटे पोहोचणे हेच अर्धे काम आहे. बसफेऱ्या सुरू असलेल्या काळात मुख्य घळीच्या रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत आणि प्रवेशद्वाराजवळचे वाहनतळ सकाळीच भरून जातात. बस फुकट असते, रांग मात्र अंबाबाईच्या नवरात्रातील रांगेची आठवण करून देणारी. आदल्या संध्याकाळी आम्ही स्प्रिंगडेल गावातून पाण्यात चालण्याचे बूट, निओप्रीनचे मोजे आणि खांद्याएवढी लाकडी काठी भाड्याने आणून ठेवली होती. काठी नको, असे मी म्हणालो होतो. सुदैवाने माझे कोणी ऐकले नाही.

टेंपल ऑफ सिनावावा या शेवटच्या थांब्यावरून नदीकाठाने सुमारे पावणेदोन किलोमीटरची फरसबंद वाट आहे. ती संपते तेथे पाण्यात उतरावे लागते, कारण पुढे काठच नाही. पहिल्या दहा पावलांतच माझा हिशेब चुकला. क्युसेक म्हणजे एका सेकंदात किती घनफूट पाणी पुढे गेले एवढेच. ते किती रुंदीतून गेले हे त्या आकड्यात नसते. येथे दोन्ही बाजूंना सुमारे हजार फूट उंचीचे तांबूस वालुकाश्माचे कडे आहेत आणि काही ठिकाणी मधले अंतर वीस-तीस फुटांचे. तेवढ्यातून तेच पन्नास क्युसेक गुडघ्यांना ढकलत होते. पाण्याखालचे दगड कोहळ्याएवढे, गोल आणि बुळबुळीत. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवायची, तिच्यावर भार टाकायचा, एक पाय चाचपून ठेवायचा आणि मगच दुसरा उचलायचा. रोवलेली काठी पाण्याच्या दाबाने हातात थरथरत असे आणि ती थरथर थेट कोपरापर्यंत येई. पाणी इतके गार की अर्ध्या तासात बोटे कोणाची हेच कळेनासे झाले.

तासाभराने एका वळणावर सौभाग्यवती थांबल्या आणि वर बघू लागल्या. आमच्या डोक्याच्या बऱ्याच वर, कड्याच्या एका फटीत, सालपट निघालेला ओंडका आडवा अडकला होता.

"अहो, हा पुराच्या पाण्यानं आणलाय," त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "हो आई. वर कुठेतरी पाऊस पडला की इथं ऊन असतानाही लोंढा येतो."

2019 साली पंचगंगा 55 फुटांवर गेली होती; कुंभार गल्लीतील घरांच्या भिंतींवर उमटलेली ती मातकट रेघ आम्ही दोघांनी पाहिली आहे. तेव्हा निदान पाणी चढताना दिसत होते, माळ्यावर सामान टाकायला वेळ होता. येथे लोंढा आला तर चढायचे कोठे? सकाळी अंदाजाच्या फलकावर अचानक पुराचा धोका नाही असे लिहिलेले वाचूनच आम्ही उतरलो होतो, तरीही त्यानंतर मी दर वळणावर पाण्याचा रंग बघत राहिलो. ते गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा घरघर ऐकू आली तर तत्काळ उंच जागा गाठावी, अशी तेथील सूचना आहे. शिवाय पाण्यात घातक शेवाळ असू शकते म्हणून ते पिऊ नये व डोके बुडवू नये, हीही.

वॉल स्ट्रीट म्हणतात तो सर्वांत अरुंद भाग अजून पुढे होता. मुलाला जायचे होते. पाणी मांड्यांपर्यंत आले आणि माझा उजवा गुडघा बोलू लागला, तेव्हा मी परत फिरायचे ठरवले. परतीची वाटही तेवढ्याच पाण्यातून होती आणि संध्याकाळची शेवटची बस चुकली तर गावापर्यंत पायपीट करावी लागली असती.

काठावर ओले मोजे पिळत असताना सौभाग्यवतींनी भडंगाची पुडी सोडली, तोच दोन खारी थेट मांडीपर्यंत आल्या. त्यांना खायला घालण्यास मनाई आहे, म्हणून पुडी मिटवली आणि आम्ही उपाशीच बसच्या रांगेत उभे राहिलो. तेथे मुलाने विचारले, "बाबा, मग राधानगरीचा एक दरवाजा इथं सोडला तर?" मी काठीवर बघितले. ओली खूण माझ्या कमरेच्या जरा खालीच होती.