रोजनिशी : रिंगणातलं अंतर

गुरुवार, रात्र

आज दिवसभर संततधार. मुठेला पाणी आलंय, भिडे पूल बंद. असा पाऊस लागला की मनात येतो तो सर्कसचा तंबू, आणि तंबूतही त्याचे तणावे. जुन्या तंबूंचे दोर तागाचे, अंबाडीचे. असा दोर भिजला की फुगतो आणि आखडतो. म्हणून पाऊस सुरू झाला की तंबूवाले रात्री-अपरात्री कंदील घेऊन फेरी मारत आणि एकेक तणावा सैल करत. फेरी चुकली तर दोर तरी तुटतो, नाहीतर मेख तरी उपटते. मुरमात मेख ठोकताना हात भरून येतात, पण ती धरून राहते. काळ्या मातीत सहज जाते आणि पहिल्याच सरीत साथ सोडते, म्हणून तिथे एकामागे एक दोन-तीन मेखा ठोकून एकमेकींना बांधायच्या. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं आणि निम्म्याहून जास्त लांबी जमिनीत हवी. नायलॉन आला आणि हे गणित उलटलं. तो भिजला की ताणतो, सैल पडतो, तेव्हा पावसात आवळावा लागतो.

संध्याकाळी टिकल्यांचा पोशाख घालून येणाऱ्या कलावंताच्या हातात सकाळी घण असायचा, ही गोष्ट प्रेक्षकांना कधी दिसली नाही. म्हणूनच आज सर्कशीत वाघ-सिंहांना शिकवणारे दामू धोत्रे यांच्याबद्दल लिहायला बसलो.

दामू धोत्रे पुण्याचे. जन्म १९०२ चा. मामा शेलारांची सर्कस होती, तिच्यात ते पोरवयातच शिरले. मराठी मुलखाला तेव्हा सर्कस नवी नव्हती. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्येच कुरुंदवाडला ग्रेट इंडियन सर्कस उभी केली होती. (या छत्र्यांनी रहिमतखाँसारख्या गवयाला सर्कशीबरोबर सांभाळलं. त्यांच्या तंबूत वाघाची डरकाळी आणि ग्वाल्हेर घराण्याची तान एकाच मुक्कामाला असायची, हे मला फार लोभस वाटतं.) धोत्रे पुढे युरोपात गेले आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत पोचले. तिथे ते आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच शिक्षकाच्या जनावरांबरोबर काम करत. महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केली. शेवटी पुण्यालाच परतले आणि १९७३ मध्ये गेले.

पुण्यात त्यांचं नाव निघालं की लोक छातीच्या धाडसाबद्दल बोलतात. मला वाटतं, त्यात त्यांचं खरं काम झाकून जातं. वाघ-सिंहांच्या रिंगणात धाडस फार कामाचं नाही, अंतर कामाचं.

हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने या अंतराची नीट मांडणी केली. शिक्षक पुढे सरकला की जनावर मागे हटतं. मागे हटायला जागा उरली नाही, गज पाठीला लागले, आणि शिक्षक तरीही पुढे आला, तर ठरावीक टप्प्यावर ते उलटं फिरून अंगावर येतं. स्टूल वापरतात ते याच टप्प्यावर. ते शिक्षक आणि सिंह यांच्या मधोमध ठेवलेलं असतं. सिंह चाल करून येतो, वाटेत स्टूल लागतं, तो त्यावर चढतो. नेमक्या त्या क्षणी शिक्षकाने मागे सरायचं. अंतर वाढलं की सिंहाचं पुढे येण्याचं कारण संपतं आणि तो स्टुलावरच थांबतो. मग काठीच्या टोकाला खोचलेला मांसाचा तुकडा, आणि रोज त्याच सुरातला तोच शब्द. अर्धं पाऊल लवकर मागे आलात तर जनावर चढतच नाही, अर्धं पाऊल उशीर झाला तर ते स्टूल ओलांडून येतं. एकाच स्टुलावर निमूट बसायला शिकवण्यात आठवडेच्या आठवडे जातात.

चाबूक मारायला असतो हा समजही काढून टाकायला हवा. मार खाल्लेलं जनावर भेदरतं, आणि भेदरलेलं जनावर पुढच्या घटकेला काय करेल हे कोणालाच सांगता येत नाही. नीट शिकवणाऱ्याच्या हातातला चाबूक म्हणजे लांब केलेलं बोट. कुठे जायचं, कुठे थांबायचं, एवढंच ते दाखवतं.

प्रत्येकाची बैठक ठरलेली. ज्यांचं आपसात पटत नाही ते शेजारी नकोत, आणि आत यायचा व बाहेर जायचा क्रम रोज तोच. बिघडतं ते बारीक गोष्टींनी. एखादी मादी माजावर आली की नर एकमेकांवर धावतात, त्या दिवशी तिला बाहेर ठेवायचं. भुसा ओला झाला की पाय घसरतो. आणि शिक्षकाने पडणं हा सगळ्यात मोठा घात. उभा माणूस जनावराला उंच, ओळखीचा दिसतो. आडवा झालेला तसा दिसत नाही. नवा कोट, नवं अत्तर, कनातीची फडफड, दुखरी दाढ, यातलं काहीही पुरतं.

बिबळ्यांची गोष्ट आणखी अवघड. अंगाने लहान, पण झेप जबर. ते गज चढतात, म्हणून त्यांच्या पिंजऱ्याला वरूनही जाळी लागते. वाघ-सिंह, बिबळे एकाच रिंगणात आणायचे म्हणजे तीन वेगवेगळे स्वभाव आणि तीन वेगवेगळी अंतरं एकाच वेळी डोक्यात धरायची. माझ्या मते धोत्र्यांचं मोठेपण इथे आहे.

रिंगणाचा व्यास मात्र जगभर साधारण ४२ फूट. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप अॅस्टलीने घोड्यांसाठी हे माप रुळवलं. या गोलात दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल धरता येतो. देश बदलला तरी पायाखालचं रिंगण तेवढंच राहतं.

पिंजऱ्यांच्या गाड्यांपासून रिंगणापर्यंत जनावरं गजांच्या बोगद्यातून येतात. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डला रिंगलिंगच्याच तंबूला आग लागली तेव्हा हाच बोगदा वाटेत आडवा आला आणि तिथे माणसं चेंगरली. पाणी आत येऊ नये म्हणून कापडावर पेट्रोलमध्ये विरघळवलेलं मेण चोपडलेलं होतं, ते जळत खाली ठिबकलं. १६० हून जास्त माणसं गेली. तंबू कोणताही असो, आधी बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या आहेत का ते बघावं.

आपल्याकडे १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. हे योग्यच झालं. आयुष्यभर गाडीच्या पिंजऱ्यात, रोज नव्या गावात, असं जगणं वाघाच्या वाट्याला येऊ नये. पण धोत्र्यांनी पायांनी मोजलेली अंतरं आपण विसरावीत असं मला वाटत नाही.

आता सर्कस उभी आहे ती झुल्यावर. हातांना पांढरी पूड चोळायची, पट्ट्या घट्ट बांधायच्या, खेळाआधी जाळीच्या गाठी आणि ताण हाताने तपासायचा. जाळी ढिली असली तर अंग जमिनीला टेकतं, फार आवळली तर ती माणसाला बाहेर उडवते. पडताना हवेतच अंग वळवून पाठीवर यायचं, हनुवटी छातीला, हात आत. पायांवर पडलं तर घोटे जातात, तोंडावर पडलं तर मान. झुल्याला हात लावू देण्याआधी नव्या मुलांना हे पडणंच शिकवतात, आधी कमी उंचीवरून, मग एकेक पायरी वर नेत.