सेड, बॅश आणि एक न दिसणारं अक्षर
आजचा दिवस एका इन्स्टॉल स्क्रिप्टपायी गेला. उबुंटूवर सुरळीत, मॅकवर दुसऱ्याच ओळीला बसकण.

कारण सेड, म्हणजे फाइलीतला मजकूर बदलणारी कमांड, आणि तिचा फाइल जागच्या जागी बदलणारा 'आय' पर्याय. उबुंटूसारख्या लिनक्सवरच्या ग्नू आवृत्तीच्या सेडला त्याच्यापुढे काहीच लागत नाही. मॅकवरचा बीएसडी आवृत्तीचा सेड मात्र बॅकअप फाइलच्या नावाला जोडायला एक्स्टेन्शन (शेवटचं शेपूट) मागतोच. दिलं नाही तर तुमचा बदलाचा नियमच एक्स्टेन्शन म्हणून गिळतो आणि फाइलचं नाव कमांड समजून वाचायला जातो! 'आय'ला चिकटूनच, मधे जागा न सोडता 'डॉट बॅक' लिहा, दोन्हीकडे चालतं. नंतर ती बॅकअप फाइल पुसायची. त्याऐवजी 'एमकेटेम्प' कमांडने बनवलेली तात्पुरती फाइल 'एमव्ही'ने (फाइल हलवणाऱ्या कमांडने) जागेवर आणायचा मोह होतो, पण तिची परवानगी ६०० असते (फक्त मालकाला वाचता-लिहिता येते, चालवता नाही), म्हणजे चालणारी स्क्रिप्ट चालेनाशी होते.

मॅकचा बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, अजून जुन्या ३.२ वरच, त्यामुळे असोसिएटिव्ह ॲरे (नावाने किंमत शोधता येणाऱ्या याद्या) विसरा. उबुंटूत 'एसएच' म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचा दुसरा शेल, तिथे अट तपासायचे बॅशचे दुहेरी चौकटी कंस चालत नाहीत.

आणि विंडोजवरून आलेली फाइल 'बॅड इंटरप्रिटर' म्हणाली, तर पहिल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोज ओळ संपवताना घालतं ते न दिसणारं अक्षर, लपलाय. गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये एसएच फाइलींना 'ईओएल एलएफ' (ओळीचा शेवट लिनक्सच्या पद्धतीने) लावून टाका.