माहेरचं नाव

मागच्या खेपेला लेकाकडे गेले ती सुनेच्या बाळंतपणाला. मार्च २०२३ संपत होता. नाशिकला पंखे फिरायला लागले होते आणि इकडे अमेरिकेत युटा राज्यातल्या लीहाय गावात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्रीतून ढीगभर बर्फ पडला. सकाळी खिडकीतून बघते तर शेजारच्या आजी स्वतःच्या दारातला बर्फ उपसून, फावडं खांद्यावर टाकून आमच्या दारात आलेल्या. वय एकोणऐंशी. लेक ओशाळून चपलांवरच बाहेर धावला. त्यांनी फावडं काही सोडलं नाही.

"आई, त्या मॉर्मन आहेत," सून म्हणाली. जणू त्यात सगळं आलं. मॉर्मन हा तिकडचा एक ख्रिस्ती पंथ.

पुढे ओळख झाल्यावर मीच त्यांना विचारलं, मॉर्मन म्हटलेलं चालतं ना? म्हणाल्या, २०१८ मध्ये आमच्या अध्यक्षांनी सांगितलंय की चर्चचं पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव म्हणजे 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. मी ते एकदा म्हणून बघितलं, मध्ये श्वास घ्यावा लागला. त्या हसल्या. "तुम्ही मॉर्मन म्हणा हो."

मी त्यांना काय हाक मारायची हा प्रश्न आमच्या मोठ्या नातवाने सोडवला. तो मला आजी म्हणतो, म्हणून त्याही मला 'आजी' म्हणायला लागल्या, मग मीही त्यांना आजीच म्हणू लागले. दोन म्हाताऱ्या कुंपणापलीकडून एकमेकींना आजी आजी म्हणून हाका मारतायत, ऐकणाऱ्याला करमणूक.

त्यांना आठ मुलं, त्रेचाळीस नातवंडं आणि अकरा पतवंडं. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतली आहे, तेव्हा त्रेचाळीस हा आकडा मला घाबरवत नाही. पण हा माझा पट जूनमध्ये येऊन एप्रिलमध्ये पुढच्या वर्गात जाणारा. त्यांचा कायमचा. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाचे दात आलेत, कोणाची गणिताची परीक्षा आहे, सगळं तोंडपाठ. तरी स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी वही टांगलेली, प्रत्येकाला एक पान.

बाळ झालं आणि त्यानंतर चौदा दिवस आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेपाचला कोणी ना कोणी जेवण घेऊन यायचं. आम्ही त्यांच्या पंथाचे नाही, होणारही नाही, हे सगळ्यांना ठाऊक. पण आमचं घर त्यांच्या 'वॉर्डा'च्या हद्दीत येतं. वॉर्ड म्हणजे आपल्याकडच्या आळीसारखं, फक्त आळीला एक बिशप असतो. हा बिशप बिनपगारी, आठवडाभर आपली नोकरी करणारा. आमचा दातांचा डॉक्टर होता. आणि बायकांची 'रिलीफ सोसायटी', ती १८४२ मध्ये सुरू झालेली. कोणाकडे बाळंतपण, कोणाचं ऑपरेशन, कोणाकडे मयत, की यांची यादी फिरलीच.

मी शाकाहारी म्हटल्यावर यादीवाल्यांची थोडी पंचाईत झाली. पहिल्या दिवशी हिरवीगार जेली आली, आत किसलेलं गाजर. (या राज्याने २००१ मध्ये जेलो हा अधिकृत खाऊ ठरवलाय.) जेलीत जिलेटिन असतं आणि ते कशाचं असतं हे मला माहीत, म्हणून मी वाटी लेकाकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः ट्रे आणला. किसलेला बटाटा, चीज, आंबट क्रीम आणि वर लोण्यात घोळवलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा. एरवी यात चिकनचं सूप घालतात, माझ्यासाठी मशरूमचं घातलेलं. चव फक्कड. नाव विचारलं तर 'फ्युनरल पोटॅटोज'. मयताच्या जेवणात हमखास असतात म्हणून. बारशाच्या घरात दहाव्याचं जेवण! मी सुनेला मराठीत म्हटलं, खा मुकाट्याने, अर्थ लावू नकोस.

परतफेड म्हणून मी त्यांना चहाला बोलावलं आणि गाढवपणा केला. १८३३ च्या एका शिकवणुकीनुसार त्यांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. चहावाचून माणसाला घरात बोलवायचं कसं, हे मला या वयात शिकायला लागलं. शेवटी नाशिकहून नेलेला दूधमसाला कामी आला. गरम दूध, केशर, जायफळ. पहिल्या दिवशी त्यांनी कप नाकाशी धरला, वास घेतला आणि हळूच विचारलं, "यात चहा नाही ना?" त्यानंतर रोज चारला यायच्या.

सोमवारी मात्र यायच्या नाहीत. सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. ही पद्धत चर्चने १९१५ मध्ये सुरू केली आणि त्या संध्याकाळी चर्चमध्येसुद्धा दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवत नाहीत. आठांपैकी पाच मुलं अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतात, ती आपापली पलटण घेऊन येतात. एकदा मलाही बोलावलं. तळघरात तीसेक माणसं, निम्मी जमिनीवर. भिंतीवर एक लाकडी पाटी. पाटीला आठ खिळे, प्रत्येक खिळ्यावर एकेका मुलाच्या नावाची लाकडी चकती, आणि वर कामं लिहिलेली: प्रार्थना, गाणं, धडा, खेळ, खाऊ, असं. दर सोमवारी चकत्या एक खिळा पुढे सरकतात. यजमानांनी ती पाटी केली तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता. यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली, चकत्या चालूच आहेत. लांब राहणारे फोनवरून आपलं काम करतात.

तिथे एका उंच नातवाने माझ्यासमोर उभं राहून हात जोडले आणि म्हणाला, "बागुन्नारा?" तो मिशनवर बंगळुरूकडे तेलुगू बोलणाऱ्यांत होता, त्यामुळे भारतीय म्हणजे तेलुगू. मी 'बरी आहे' म्हटलं. त्याला वाटलं त्याचं तेलुगू कच्चं राहिलं.

मिशन म्हणजे मुलांनी अठराव्या वर्षी दोन वर्षं आणि मुलींनी तेव्हाच्या नियमाने एकोणिसाव्या वर्षी (नोव्हेंबर २०२५ पासून त्यांनाही अठराव्या वर्षी जाता येतं) दीड वर्ष पाठवतील त्या देशात धर्मप्रचाराला जायचं. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. आजींचे पाच मुलगे गेले. तेव्हा घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मदर्स डेला. म्हणजे दोन वर्षांत चार फोन. त्या हिशेब सांगत होत्या, मी ऐकत होते. सकाळपासून फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचं, घरात कोणी फोनला हात लावायचा नाही, आणि आला की पोरगा म्हणणार सगळं ठीक आहे, तू कशी आहेस, की संपलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला. आता दर आठवड्याला बोलता येतं. "आता नातवंडं फोन करून ताटात काय आहे ते दाखवतात," त्या जरा तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. माझा लेक २००३ मध्ये पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा तो कार्डावरून फोन करायचा आणि मिनिटं संपत आली की मध्येच एक बाई बोलायची. त्या बाईचा मी जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कोणाचा केला नसेल. हे मी आजींना सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला.

चौथ्या मुलाचं नाव पाटीवर होतं, पण सोमवारी त्याचा फोन यायचा नाही. त्याने चर्च सोडलंय. सिअॅटलला असतो. प्रार्थनेच्या खिळ्यावर त्याची चकती आली की आजी स्वतः उठून त्याच्या वाटची प्रार्थना म्हणायच्या. खाऊच्या खिळ्यावर आली की आदल्या शनिवारी चेरीचं खोकं टपालाने हजर.

कारण मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लग्नाचं तेवढं सांगितलं. त्यांच्यात खरं लग्न मंदिरात लागतं, आणि मंदिरात शिरायला बिशपच्या सहीचं कार्ड लागतं. ज्याच्याकडे कार्ड नाही तो बाहेर, मग तो नवरीचा बाप का असेना. २०१४ मध्ये थोरल्या नातीचं लग्न झालं तेव्हा हा चौथा मुलगा बाहेर कट्ट्यावर लहान पोरं सांभाळत बसला होता. आजी आत होत्या. आतल्या खोलीत समोरासमोर आरसे असतात, नवरानवरी मध्ये, आणि दोन्हीकडे त्यांची ओळ संपता संपत नाही. लग्न या जन्मापुरतं नाही, कायमचं, हे दाखवायला. "सगळे आरशात बघत होते," आजी म्हणाल्या. "मी माणसं मोजत होते. एक कमी."

तेव्हा आधी बाहेर लग्न लावलं तर मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट मे २०१९ मध्ये निघाली. २२ जुलैच्या शनिवारी त्याच्या धाकटीचं लग्न झालं ते आधी आजींच्या मागच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली, बिशपसमोर. २४ जुलै त्यांचा मोठा सण, १८४७ मध्ये त्यांचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले तो दिवस, म्हणून सगळी पांगलेली मंडळी आलीच होती. दोनशे खुर्च्या. बाप लेकीचा हात धरून चालत आला. आजी पहिल्या रांगेत होत्या, मी त्यांच्या मागे. त्यांची बोटं मांडीवर हलताना दिसत होती. मोजत होत्या.

दुपारी वऱ्हाड मंदिराकडे गेलं. मी आणि तो मागे राहिलो. तो खुर्च्या मिटत होता, मी ट्रेला चिकटलेला बटाटा खरवडत होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "मी गेलो तेव्हा मला वाटलं होतं ती चकती काढून ठेवेल." आणि पुढची खुर्ची मिटली.

आजींचा खरा नाद मात्र वंशावळीचा. दुपारी दूध पिऊन झालं की लॅपटॉप उघडायच्या. चर्चची 'फॅमिलीसर्च' नावाची संस्था जगभरच्या जन्ममरणाच्या नोंदी गोळा करते आणि कोणालाही फुकट बघू देते. आजी जुन्या हस्ताक्षरातली नावं वाचून टंकायच्या, स्वतःच्या घराण्यातली आणि परक्यांचीही. एक खापरपणजी १८५६ मध्ये डेन्मार्कहून येऊन हातगाडी ओढत मैदानं तुडवत आलेली. एका खापरपणजोबांच्या पुढे तीन बायकांच्या तीन चौकटी. मी नजर चोरली, त्यांनी नाही. "अनेक बायका करणं चर्चने १८९० मध्ये बंद केलं, हे त्याआधीचं आहे," म्हणाल्या आणि पुढे सरकवलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो त्यांच्याकडे आहेत हे त्यांनीच मला दाखवलं. म्हटलं, हे तर आमच्या त्र्यंबकच्या उपाध्यांकडे असतं!

मग माझी पाळी. वडील, आजोबा, पणजोबा मी घडाघडा सांगितले, श्राद्धाला कानावर पडून पाठ. आजी टंकत गेल्या.

"आणि आजी? त्यांचं नाव?"

सांगितलं.

"हे लग्नानंतरचं का आधीचं?"

मी गप्प. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात आणि जुनं त्या तांदळातच राहतं, हे मी समजावून सांगितलं. आजींनी चष्मा काढला. "आडनाव बदलतं ते समजलं. पण नावही?" त्यांच्या चौकटीत बाईची नोंद माहेरच्या नावाने होते. माझ्या वडिलांच्या आईचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. तिने मला सात वर्षं न्हाऊमाखू घातलं होतं.

नाशिकला आत्याला फोन लावला. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येतं. तीनदा ओरडून विचारल्यावर म्हणाली, "कमळा. आडनाव बघू... निफाडकडचे होते ते." तेवढंच. आजींनी 'कमळा' टंकलं आणि आडनावाची चौकट रिकामी ठेवली.

एक गोष्ट मी स्पष्ट केली. हे लोक मेलेल्या पूर्वजांचा त्यांच्या वतीने मंदिरात बाप्तिस्मा करतात, हे लेकाने मला आधीच कानात सांगितलं होतं. "माझ्या आजीला तिकडे न्यायचं नाही हं." आजी अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नियमच आहे, नाव आपापल्या पूर्वजांचंच द्यायचं असतं, आणि कमळा तुमची. नंतर थोडं थांबून म्हणाल्या, "पण मला ती भेटली असती तर आवडलं असतं." यावर काय बोलायचं असतं मला कळलं नाही. मी दूध गरम करायला उठले.

सप्टेंबरअखेर परत आले. निघताना त्यांनी पीचच्या दोन बरण्या दिल्या, त्यांनीच पाकात घातलेल्या. त्यांच्या तळघरात अशा साठवणीच्या बरण्यांच्या भिंती आहेत, आपल्या बेगमीला लाजवतील अशा.

डिसेंबरात त्र्यंबकला गेले. उपाध्यांनी वही काढली, लांबोडकी, कडा झिजलेली. आजोबांची मोडीतली सही होती. पुढे लिहिलेलं: सहकुटुंब. कमळा त्या एका शब्दात कुठेतरी होती.

आता माझी नोंद करायची वेळ आली. मी म्हटलं, माझी दोन्ही नावं लिहा, माहेरचंही. गुरुजींनी वर बघितलं, रकाना तेवढा रुंद नव्हता. मग समासात आडवं लिहिलं. त्याखाली मी 'कमळा' लिहायला लावलं. फोटो काढून आजींना पाठवला.

त्यांच्याकडे पहाट असावी. लगेच उत्तर आलं: "सुंदर. पण तारीख कुठे आहे?"

तारीख होती. 'मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १९४५.' मी तिथेच घाटावर बसून त्यांना टंकून पाठवली: १७ डिसेंबर २०२३.